कार्यालयीन शोधव्यवस्थेची डागडुजी : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

३ जून २०२४, सोमवार

पाणीपुरवठा योजना, बंधारे आणि लहान पूल यांची सर्वेक्षणे, प्राकलने (खर्चाचे अंदाज) व निविदा-कागदपत्रे तयार करणे हे आमच्या पुण्यातील संस्थेचे काम. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी आम्ही नियमाने भरतो, शेअरपॉइंट या त्यातल्या कागदपत्रे साठवण्याच्या व्यवस्थेत प्रत्येक योजनेची स्वतंत्र लायब्ररी आहे, टीम्सवर योजनावार चॅनेल आहेत, आणि एवढे सगळे असूनही जुने प्राकलन हवे झाले की पहिला प्रश्न व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरच पडतो. संचालकांपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत : दप्तर शोधण्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर विकत घेणे, किंवा सर्वांसाठी कोपायलट हा एआय सहायक घेणे, ज्याची किंमत मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये माणशी दरमहा ३० डॉलर अशी जाहीर केली होती. निर्णय सप्टेंबरअखेर व्हायचा आहे. तोपर्यंत, जे घेतलेलेच आहे त्यातून कागद का सापडत नाही याचा छडा लावणे आणि जमेल तेवढे दुरुस्त करणे हे काम माझ्याकडे आले आहे. माझा अंदाज आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तो तपासता येईल : कागदपत्रांची अवस्था आहे तशीच राहिली तर कोणतेही नवे सॉफ्टवेअर तेच कागद त्याच गोंधळासह, फक्त अधिक देखण्या पडद्यावर दाखवील.

६ जून २०२४, गुरुवार

शेअरपॉइंटच्या शोधाचे अहवाल उघडले. सर्वाधिक शोधलेले शब्द, काहीच निकाल न मिळालेले शोध आणि निकाल मिळूनही ज्यांवर कोणी क्लिक केले नाही असे शोध, असे तीन अहवाल प्रशासकाला आयते मिळतात, मात्र ते आजवर कोणी उघडल्याची खूण दिसली नाही. यांतला तिसरा अहवाल सर्वांत बोलका आहे, कारण निकाल शून्य असला तर माणूस निदान शब्द बदलून पाहतो. निकालांची रास समोर येऊनही त्याने पाठ फिरवली, तर त्याचा अर्थ त्याला त्या राशीत काही ओळखू आले नाही असा होतो. आमच्याकडे ‘दरसूची’, ‘शुद्धिपत्रक’, ‘एमबी’ (मोजमाप पुस्तक) आणि ‘तांत्रिक मान्यता’ हे शब्द याच तिसऱ्या यादीत वरच्या ओळींवर आहेत, म्हणजे रोज लागणारे कागदच सापडत नाहीत.

दुपारी निविदा कक्षात जाऊन बसलो. तिथल्या ताईंना सर्च चालवून दाखवायला सांगितले, तर त्यांनी एकदा शब्द टाकला, आलेल्या यादीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, ग्रुपवर टाका ना, दोन मिनिटांत मिळतं.” हे खरेही आहे. ग्रुपवर मिळते, कारण तिथे आमचे ज्येष्ठ आरेखक काका आहेत आणि कोणती फाइल कोणत्या फोल्डरात आहे हे त्यांच्या डोक्यात आहे; काका पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

१२ जून २०२४, बुधवार

निकालांत काही ओळखू का येत नाही, याचे पहिले कारण सापडले आणि ते अगदी साधे आहे. ‘उंच जलकुंभ प्राकलन’ असा शोध घेतला, तर पहिल्या पानावर एकाखाली एक अशा जवळजवळ सर्व निकालांचे शीर्षक एकच होते, आणि ते होते शिरूर तालुक्यातील एका जुन्या योजनेचे. फाइल उघडून पाहिली तर आत मजकूर मावळचा, भोरचा, इंदापूरचा. झाले असे की, प्रत्येक नवे प्राकलन जुन्या फाइलची प्रत काढून, आतले आकडे आणि नावे बदलून तयार होते. फाइलचे नाव बदलले जाते, पण वर्ड आणि एक्सेल फाइलच्या गुणधर्मांत ‘शीर्षक’ म्हणून एक वेगळी नोंद असते, तिला कोणी हात लावत नाही आणि ती प्रतीमागून प्रत तशीच पुढे चालत येते. शोधव्यवस्था निकालात हीच नोंद शीर्षक म्हणून दाखवते. म्हणजे बरोबर फाइल पहिल्या पाच निकालांत आलेलीच होती, फक्त तिच्या कपाळावर दुसऱ्याच गावाचे नाव होते.

दोन गोष्टी ठरवल्या. लायब्ररीत शीर्षकाचा स्तंभ दिसता ठेवायचा आणि चालू योजनांच्या फायलींची शीर्षके ग्रिडमध्ये, म्हणजे तक्त्यासारख्या दृश्यात, एकगठ्ठा दुरुस्त करायची. आणि प्राकलन व निविदा यांच्यासाठी शीर्षकाची जागा कोरी असलेले नमुने करायचे, म्हणजे नवी फाइल जुन्याची प्रत म्हणून जन्माला येणार नाही. दुसरी गोष्ट सवयीची आहे, तेव्हा तिला वेळ लागणार.

१८ जून २०२४, मंगळवार

आज मराठी शब्दांच्या रूपांचा विचार केला. हा सगळा प्रकल्प खरे तर इथेच अडलेला आहे असे मला वाटू लागले आहे.

इंग्रजीत शब्द वाक्यात फारसा बदलत नाही, त्यामुळे शोधयंत्राचे काम सोपे होते. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की आधी त्याचे सामान्यरूप होते आणि मग प्रत्यय चिकटतो. निविदा, निविदेची, निविदांमधील, रस्ता, रस्त्याचे, पाणी, पाण्याच्या. आमच्या पत्रांत मूळ शब्द प्रथमेत क्वचितच येतो, तो बहुधा ‘निविदेच्या अनुषंगाने’ असाच येतो, आणि शोधणारा मात्र ‘निविदा’ टाकतो. आमच्या चाचणीत या रूपांचे नाते यंत्राने कोठेही ओळखले नाही. शेअरपॉइंटच्या शोधात शब्दाच्या शेवटी तारांकन (*) लावता येते, म्हणजे पुढे कोणतीही अक्षरे असली तरी चालतात; सुरुवातीला ते लावता येत नाही. त्यामुळे ‘निविद’ लिहून पुढे तारांकन दिले की तिन्ही रूपे येतात. ‘रस्त’ आणि ‘पाण’ यांचेही तसेच.

अडचण येते ती जिथे शब्दाच्या आतला स्वर बदलतो तिथे. ‘विहीर’चे सामान्यरूप ‘विहिरी’, म्हणजे दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होतो, म्हणून तारांकन ‘विह’ नंतरच द्यावे लागते आणि मग ‘विहार’ नावाची प्रत्येक गृहरचना संस्थाही यादीत येऊन बसते. ‘पूल’ त्याहून वाईट, कारण ‘पूल’ आणि ‘पुलाचे’ यांच्यात सामाईक असे एकच अक्षर, ‘प’, उरते. तिथे दोन्ही रूपे ‘किंवा’ने जोडून द्यावी लागतात, ‘पूल’ किंवा ‘पुल’ आणि तारांकन. हा शोध लावल्यावर कॅन्टीनच्या जुन्या सूचनेतला पुलावही हजर झाला, पण तेवढे चालवून घेता येईल.

सर्वांत चकवणारा निघाला ‘बंधारा’. सामान्यरूप ‘बंधाऱ्या’, आणि त्यातला जो ‘ऱ’ आहे त्यासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतांत, ‘र’पेक्षा वेगळा संकेत आहे. त्यामुळे ‘बंधार’ पुढे तारांकन दिले तरी ‘बंधाऱ्याचे’ सापडत नाही, ‘बंधा’ इथेच थांबावे लागते. शिवाय काही जुन्या कळफलकांवरून हेच अक्षर साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तीन संकेतांनी उमटवले गेले आहे. छापून दोन्ही शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची आमची सगळी मालिका अशी दोन ढिगांत विभागली गेली होती. आकड्यांचेही असेच : एकाने वर्ष देवनागरीत लिहिलेले, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यांत, आणि एकात शोधले तर आमच्याकडे दुसरे हाती लागले नाही.

२१ जून २०२४, शुक्रवार

तारांकनाचे हे सगळे शास्त्र निविदा कक्षातल्या किंवा लेखा विभागातल्या माणसाने शिकावे ही अपेक्षा गैर आहे. त्याने ‘बंधारा’ टाकावा आणि बंधारा सापडावा. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंटला समानार्थी शब्दांचा कोश जोडता येतो, आम्ही वापरतो त्या ऑनलाइन आवृत्तीत ती सोय नाही. म्हणून वळसा घेऊन जायचे ठरवले. प्रत्येक लायब्ररीला ‘शोधशब्द’ नावाचा एक स्तंभ जोडायचा आणि त्यात मूळ रूपे, इंग्रजी नाव आणि बोलण्यातला शब्द असे तिन्ही लिहायचे. बंधाऱ्याच्या फोल्डराला ‘बंधारा, केटी वेअर’; टाकीच्या फोल्डराला ‘उंच जलकुंभ, ईएसआर, पाण्याची टाकी’. हा स्तंभ फाइलगणिक भरावा लागत नाही, कारण फोल्डराला ठरावीक मूल्य देऊन ठेवता येते आणि त्यानंतर तिथे ठेवलेली प्रत्येक नवी फाइल ते आपोआप घेते. आधीपासून असलेल्या फायलींना ते लागू होत नाही, त्या ग्रिडमध्ये एकगठ्ठा भराव्या लागतील.

योजनेचे नाव, तालुका आणि कागदाचा प्रकार हे तीन स्तंभही याच वेळी जोडले. निकालांच्या बाजूला यांची गाळणी हवी असेल तर नुसता स्तंभ करून भागत नाही. तो शोधाच्या आराखड्यातील रिकाम्या ठेवलेल्या गुणधर्मांपैकी एकाशी जोडावा लागतो आणि मग लायब्ररीची अनुक्रमणी (शोधयंत्र जिच्यात पाहते ती सूची) नव्याने करण्याची विनंती द्यावी लागते. ती दिली आहे.

१ जुलै २०२४, सोमवार

पालख्या शहरात मुक्कामाला असल्याने कार्यालयात माणसे मोजकी होती आणि जुन्या फॉन्टच्या कामाला निवांतपणा मिळाला.

युनिकोड अंगवळणी पडण्यापूर्वीची आमची पत्रे कृतिदेव आणि श्रीलिपी या फॉन्टांत आहेत. अशा फाइलमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी कळांची अक्षरे. कृतिदेवमध्ये ‘निविदा’ हा शब्द यंत्राच्या लेखी ‘एफ-यू-एफ-ओ-एन-के’ असतो. त्यामुळे देवनागरीत कितीही शोधा, ही पत्रे कधीच येणार नाहीत, आणि ती आहेत हेही कोणाला कळणार नाही.

प्रश्न असा होता की अशा फायली नेमक्या कोणत्या, हे प्रत्येक फाइल न उघडता कसे ओळखावे. उपाय त्या दोषातच होता. मराठी पत्र कोणतेही असो, त्यात ‘आहे’ हा शब्द असतोच, आणि कृतिदेवमध्ये ‘आहे’ टंकण्यासाठी ‘व्ही-के-जी-एस’ या चार कळा दाबतात. ही चार इंग्रजी अक्षरे शोधपेटीत टाकली तर कृतिदेवमधील पत्रांची यादी ओळीने समोर आली, कारण इंग्रजीत असा शब्दच नाही. श्रीलिपीचे संकेत वेगळे असल्याने तिच्यासाठी चाचणीचा शब्द वेगळा काढावा लागला. जी शोधव्यवस्था ही पत्रे शोधू शकत नाही म्हणून नावे ठेवली जात होती, तिनेच त्यांची मोजदाद करून दिली, याचे मला मनापासून समाधान वाटले.

८ जुलै २०२४, सोमवार

जुन्या फॉन्टमधील सर्व पत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत असा आग्रह होता. नमुन्यादाखल काही बदलून पाहिली. साधा मजकूर चांगला बदलतो, परंतु पत्रातच मधे इंग्रजी परिमाणे, पाइपांची नावे किंवा तक्ते असले की परिवर्तक त्या इंग्रजी अक्षरांनाही कृतिदेव समजून त्यांचे निरर्थक देवनागरी करतो. प्राकलनात हे धोक्याचे आहे. म्हणून मूळ फाइलला धक्का न लावता प्रत्येक पत्राचा विषय, दिनांक आणि योजना एवढेच युनिकोडमध्ये स्तंभांत लिहायचे ठरले. आवक-जावक नोंदवहीत या तिन्ही गोष्टी आधीच आहेत, तेव्हा काम टंकनाचे आहे, विचाराचे नाही.

१५ जुलै २०२४, सोमवार

शासन निर्णय. शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या निर्णयाच्या फाइलला नाव म्हणून त्याचा संकेतांकच मिळतो, आकड्यांची लांबलचक रांग. ज्याने उतरवला त्याने कधी ते नाव तसेच ठेवले, कधी ‘जीआर नवीन’ केले, कधी ‘महत्त्वाचा जीआर’. एकाच निर्णयाच्या निरनिराळ्या योजनांत विखुरलेल्या प्रती निघाल्या, आणि काही ठिकाणी नंतरच्या शुद्धिपत्रकाने बदललेला मूळ निर्णय एकटाच पडून होता, जे अधिक गंभीर आहे. संकेतांक प्रत्येक निर्णयाच्या शेवटी छापलेला असतो आणि त्याचे सुरुवातीचे आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात, त्यामुळे प्रती जुळवायला आणि क्रम लावायला याहून चांगली खूण नाही. आता सर्व निर्णय एकाच लायब्ररीत राहतील, योजनेच्या फोल्डरात प्रत न ठेवता दुवा ठेवायचा, आणि शुद्धिपत्रक असल्यास त्याचा संकेतांक मूळ निर्णयाच्या स्तंभात लिहायचा. स्कॅन करून ठेवलेले जुने निर्णय चित्ररूप आहेत. त्यांतली अक्षरे टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरने वाचून घेत आहोत, त्यात मराठीसाठी स्वतंत्र भाषासंच आहे. ठळक छपाई बरी वाचली जाते, शिक्क्याखालची अर्थातच नाही.

२४ जुलै २०२४, बुधवार

परवानग्यांची तपासणी. शोधव्यवस्था ज्याला जी फाइल पाहण्याची मुभा आहे तेवढीच त्याला दाखवते, हे खरे असले तरी मुभा मुळात कोणाला दिली आहे हे ती ठरवत नाही. वेळ वाचावा म्हणून कितीतरी फोल्डर ‘संस्थेतील सर्वांना’ खुली करून ठेवलेली होती, आणि त्यांत प्रसिद्ध न झालेल्या निविदांचे दरविश्लेषणही होते. फोल्डर आठ पायऱ्या खाली असल्याने तिथवर कोणी जात नव्हते एवढेच त्याचे संरक्षण. शोध सुधारला की हे संरक्षण संपते, कोपायलट आणला तर ते पहिल्याच दिवशी संपेल, कारण तोही याच परवानग्यांवर चालतो. म्हणून शोधशब्द भरण्याचे काम निविदांच्या लायब्ररीत थांबवले आणि आधी परवानग्या गटवार लावून घेतल्या. उलटही आढळले : प्रमाणित आरेखने, जी सर्वांना दिसायला हवीत, ती एका व्यक्तीच्याच नावे बंद होती.

३१ जुलै २०२४, बुधवार

टीम्सच्या चॅनेलमध्ये टाकलेली फाइल त्या गटाच्या शेअरपॉइंटमध्ये जाते, खासगी चॅटमध्ये टाकलेली फाइल मात्र पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या व्यक्तिगत साठवणीत, राहते. माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचे खाते काढले की ठरलेल्या मुदतीनंतर, जी वेगळी न ठरवल्यास ३० दिवसांची असते, त्याचे वनड्राइव्हही जाते. सर्वेक्षणाच्या कच्च्या फायली आमच्याकडे बहुतेक चॅटमधूनच फिरतात. खाते बंद करण्याच्या तपासणी-यादीत वनड्राइव्ह रिकामे करून घेण्याचा मुद्दा घातला, आणि मुदत वाढवून घेतली.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

चाचणी. प्रत्येक कक्षाकडून त्यांना गेल्या महिन्यात खरोखर शोधावे लागलेले कागद लिहून घेतले होते, त्यांच्याच शब्दांत. बरोबर कागद पहिल्या पाच निकालांत आला तर उत्तीर्ण, एवढाच निकष. योजनांची कागदपत्रे आणि शासन निर्णय यांत फरक स्पष्ट आहे. ‘दरसूची’ आणि ‘शुद्धिपत्रक’ यांच्यासाठी प्रशासकीय बुकमार्क (ठरावीक शब्द टाकला की निकालांत सर्वांत वर दिसणारा नेमून दिलेला दुवा) करून ठेवल्याने त्यांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. लेखा विभागाचे शोध अजून नापास आहेत, कारण ते देयकाच्या क्रमांकाने शोधतात आणि तो क्रमांक फाइलमध्ये नव्हे, लेखा-प्रणालीत आहे. काकांनीही एक शोध दिला होता, ‘त्या वर्षीचा वाकलेला पाइप’, आणि तो कोणत्याही यंत्राला सापडणार नाही. त्यांच्याबरोबर आठवड्यातून एक दुपार बसून अशा आठवणी शोधशब्दांत उतरवण्याचे ठरले आहे.

२२ ऑगस्ट २०२४, गुरुवार

स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांची प्रात्यक्षिके झाली. त्यांचे स्वतःचे नमुने सुबक होते, म्हणून आमच्या फायली दिल्या आणि ‘पूल’ शोधायला सांगितले. ‘पुलाच्या’ आले नाही. यातले एक उत्पादन ल्युसीन या मुक्त शोधसंचावर उभे आहे. त्यात हिंदी आणि बंगालीसाठी शब्दरूपे ओळखणारी तयार सोय आहे, मराठीसाठी नाही, आणि हिंदीची सोय मराठी प्रत्ययांवर चालवणे म्हणजे भलतीकडेच कात्री लावणे. विक्रेत्याने ती जोडून देण्याची तयारी दाखवली, दर वेगळा. एका संचालकांनी, तयार यंत्र विकत घेऊन एकदाचे मोकळे होऊ, असे सुचवले. गूगलने २००२ मध्ये असेच तयार यंत्र, पिवळ्या रंगाची पेटी, कार्यालयांसाठी आणले होते आणि २०१६ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. ज्यांनी आपली कागदपत्रे लावलेली नव्हती त्यांचे मागचे पाढे पंचावन्न. मी टिपणात एवढेच लिहिले आहे की, स्तंभ, शीर्षके आणि परवानग्या कोणत्याही प्रणालीत उपयोगी पडतील.

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार

निर्णय झाला. स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्यायचे नाही. कोपायलट सर्वांसाठी न घेता निविदा कक्षापुरता घ्यायचा, तोही त्यांच्या लायब्ररीच्या परवानग्यांची दुसरी तपासणी झाल्यावर. वाचलेल्या रकमेतून जुन्या पत्रांच्या टंकनासाठी एक अर्धवेळ जागा मंजूर झाली आहे. शोधाचे अहवाल दर महिन्याला निविदा कक्षातल्या ताई वाचतील, कारण ‘एमबी’ शोधणाऱ्याला मोजमाप पुस्तक हवे आहे की फाइलचा आकार मोजायचा आहे, हे संगणक विभागापेक्षा त्यांना अधिक कळते. बुकमार्क जोडण्याचा अधिकारही त्यांना दिला.

बाकी राहिलेले : ऑटोकॅडच्या आरेखनांत लिहिलेला मजकूर अनुक्रमणीत येत नाही, त्यामुळे प्रत्येक आरेखनासोबत पीडीएफ ठेवण्याचा नियम आरेखन कक्षाकडून ऑक्टोबरमध्ये लेखी यायचा आहे. ‘ऱ’चे जुने रूप असलेल्या फायली बदलण्याची छोटी आज्ञावली तयार आहे, पण ती अजून फक्त बंधाऱ्यांच्या फोल्डरावर चालवली आहे. लेखा विभागाने देयक क्रमांकाचा स्तंभ मान्य केला असून तो या आर्थिक वर्षातल्या देयकांपासून भरला जाईल, मागील वर्षांबाबत त्यांच्याशी बोलणे चालू आहे.